उजव्या हाताला धक्का लावायचा नाही

आमच्या घरात मारामारीचे दोन नियम होते. तोंडावर मारायचं नाही आणि उजव्या हाताला धक्का लावायचा नाही. बाकी पाठ, पोट, पाय, केस, सगळं मोकळं रान. नियम बाबांनी घालून दिलेले. बाबा गवंडी. तोंड सुजलं की चार लोक विचारतात आणि उजवा हात गेला की चूल थंड पडते, इतकी साधी गोष्ट. आम्ही भावंडं जमिनीवर लोळून एकमेकांना बुकलत असलो आणि बाबा कामावरून आले, तर ते सोडवायला येत नसत. दारातूनच ओरडत, "उजवा हात सांभाळा रे!" आणि हातपाय धुवायला जात.

दादा थोरला, मी मधली आणि बारक्या शेंडेफळ. बारक्या आज तेहतीस वर्षांचा आहे, सहा फूट उंच आहे, तरी बारक्याच. आई अधूनमधून लढाईत उतरायची ती चप्पल घेऊन. तिने मुलांत कधी डावं-उजवं केलं नाही, मारताना तर नाहीच. मुलगी म्हणून मला एक फटका कमी पडला असं मला आठवत नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण मला बोलायचंय दादाबद्दल, आणि दादाला लोक भलताच समजतात. 'नांदतं गाव' नावाचा एक गेम आहे, फोनवर किंवा कॉम्प्युटरवर खेळायचा. मोकळं मैदान असतं, त्यावर चौकटी आखलेल्या. एकेक तुकडा हातात येतो. कधी घर, कधी रस्ता, विहीर, झाड, शाळा. तो कुठे ठेवायचा ते तुम्ही ठरवायचं. म्हाताऱ्याच्या घराला सावली हवी, सुताराच्या शेजारी शाळा नको, प्रत्येक दाराला रस्ता हवा. सगळं जमलं की खिडक्यांमधून दिवे लागतात आणि पुढचं गाव उघडतं. कुणी मरत नाही, काही जळत नाही, कुणी कुणाला साधं 'ए' म्हणत नाही. वर लिहिलंय, सर्व कुटुंबासाठी. आणि हा गेम केला कुणी? तर आम्ही! आडात नव्हतं ते पोहऱ्यात कुठून आलं, देव जाणे.

त्यातली घरं दादाने काढली. पहिल्या दहा लेव्हल लोकांना फुकट खेळायला दिल्या होत्या, तेव्हा एका बाईंचं पत्र आलं होतं. ही घरं काढणारा माणूस किती शांत आणि प्रेमळ असेल, असं त्यांनी लिहिलं होतं. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा दादाच्या नाकातून चहा आला. आदल्याच दिवशी त्याने बारक्याला टेबलावरून पलीकडे फेकला होता.

दादा जन्माचा डावखुरा. बाबांना ते खपायचं नाही. ते म्हणायचे, भिंतीसाठी ताणलेल्या एका दोरीपाशी चार गवंडी खांद्याला खांदा लावून उभे राहतात, त्यात एक डावखुरा असला की त्याचं कोपर शेजाऱ्याच्या बरगडीत जातं. डावखुऱ्याला कामावर कोण उभा करणार? म्हणून दादाने डाव्या हातात चमचा धरला की सिमेंट लावायची थापी त्या हाताच्या पेरांवर पडायची. सपाट बाजू नाही, कड. डाव्याने पाटीवर लिहिलं की थापी. डाव्याने बादली उचलली की थापी. एकदा मधल्या बोटाचं कातडं सोलून आतलं पांढरं दिसलं आणि आईने त्यावर हळद दाबून फडकं बांधलं. तेव्हा दादा सहा वर्षांचा होता. रडला नाही. बाबांच्या मांडीला कडकडून चावला. बाबांनी त्याला भिंतीवर आपटला. आठ वर्षांचा होईपर्यंत दादा उजव्या हाताने लिहायला, जेवायला, बादली उचलायला शिकला.

चित्रं मात्र डाव्यानेच. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या उलट्या करून आतल्या कागदावर तो न्हाणीघरात कडी लावून घरं काढायचा. वेल चढलेली, गच्चीवर चादरी वाळत घातलेली, खिडकीत मांजर बसलेली. एकदा बाबांना तो गठ्ठा सापडला. आम्हाला वाटलं आता मेला हा. बाबांनी एकेक कागद उजेडात धरून पाहिला. "भिंती ओळंब्यात आहेत, उभ्या सरळ," म्हणाले. आणि मग डाव्या हाताने काढल्याबद्दल बडवला. पण कागद फाडले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने सांगते.

शाळेत एकाने फाडला. दादाने त्याचा पुढचा दात पाडला. तोंडाचा नियम घरातल्यांपुरताच होता ना! दात खिशात घालून घरी आला, त्या पोराला तो परतही दिला नाही. संध्याकाळी त्याचा बाप आणि दोन काके आमच्या दारात. बाबांनी फावड्याचा दांडा घेतला, आईने चप्पल, आणि त्या तिघांतला एक आमच्या पायरीवरून पालथा पडला. नंतर बाबांनी दादाला विचारलं, "कुठल्या हाताने मारलंस?" दादा म्हणाला, "उजव्या." बाबांनी त्याला एक केळं दिलं. आमच्या घरात कौतुक असंच व्हायचं.

बाबा गेले. थापी स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगली गेली, आणि नियम राहिले. नियम कुणाच्या हातासाठी केला होता आणि आता घरात कुठला हात कामाचा आहे, हा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. माझ्याही नाही. स्वतःला शहाणी म्हणवते मी!

गेमचं काम आम्ही एका टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत करायचो. बारक्या कॉम्प्युटरचा किडा, गेम चालवणारं सगळं डोकं त्याचं. घर न् घर दादाचं. आणि मी खेळून बघणारी. प्रत्येक लेव्हल शंभर वेळा खेळायची, मुद्दाम चुकायचं, कुठे अडकतं ते सांगायचं. या खोल्या पूर्वी गोदाम होत्या, म्हणून मधलं दार लोखंडी, आतल्या खोलीत उघडणारं. सोडलं की आपोआप धाडकन मिटायचं. पहिल्याच आठवड्यात माझी टाच सोलली गेली, तेव्हा दादाने रस्त्यावरून एक वीट आणून त्या दाराला टेकण दिली.

तीन वर्षं काम चाललं आणि तीन वर्षं मारामाऱ्या. बारक्याची एक बरगडी तडकली. दादाच्या पाठीवर खुर्चीच्या तुटक्या पायाचा वळ आहे, वीतभर. मी मध्ये पडून दोनदा टाके घालून घेतले. खालून टायरवाला ओरडायचा, "गेम बनवताय की कुस्त्या लावल्यात?" आणि अर्ध्या तासाने तिघं एकाच डब्यात जेवायचो. आपलेच दात, आपलेच ओठ.

गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीला महिनाअखेर ऐंशी लेव्हल हव्या होत्या. अडुसष्ट झाल्या होत्या. बारा राहिल्या, आणि त्या बारांत दादाने काढायची एकतीस घरं. घरं हाताने काढलेली हवीत, त्यासाठीच तर कंपनीने गेम घेतला होता. तारीख चुकली तर गेम येणार नव्हता, तीन वर्षं पाण्यात. म्हणजे आम्हा तिघांचं नशीब एका हातात होतं, आणि तो डावा होता.

अशा वेळी दोघांनी भांडण काढलं ते अनडूवरून. अनडू म्हणजे चुकीचं ठेवलेलं घर मागे घ्यायचं बटण. बारक्याचं म्हणणं, ते हवंच. "सहा वर्षांची पोर खेळणार आहे, दादा. तिचं बोट सरकलं आणि विहीर रस्त्यावर पडली, तर तिने काय करायचं? रडायचं?"

दादा म्हणाला, "पुढचं घर सांभाळून ठेवायचं. घर एकदा ठेवलं की ठेवलं. चुकलेलं धरून पुढे गाव वसवायचं, त्यातच तर डोकं लागतं. बाबांनी कधी भिंत मागे घेतली?"

"बाबांचं नाव घेऊ नकोस," बारक्या म्हणाला. "बाबांनी काय काय मागे घ्यायला हवं होतं, ते तुझ्या बोटांवर लिहिलंय."

आठ दिवस हेच. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी दोघांची जात. मी बारक्याला म्हणायची, तुझं बरोबर आहे. दादाला म्हणायची, तुझंही बरोबर आहे. एकदा ठणकावून एकाची बाजू घेतली असती तर? पण मला शांतता हवी होती. मला! आमच्या घरात!

नवव्या दिवशी भर दुपारी दादाने लेव्हल उघडली आणि खालच्या कोपऱ्यात एक वाकडा बाण दिसला. बारक्याने न विचारता अनडू घातलं होतं. दादाने त्या बाणावर टिचकी मारली. दिवसभर खपून काढलेलं, वेल चढलेलं घर मैदानावरून नाहीसं झालं. पुन्हा टिचकी मारली. त्याच्या शेजारचंही गेलं.

दादाने माऊस हलकेच बाजूला सरकवला. तेव्हाच माझी पाचावर धारण बसली. तो आतल्या खोलीत गेला आणि बारक्याला मानेला धरून खुर्चीसकट मागे ओढला. खुर्ची उलटली, बारक्याचं डोकं फरशीवर आपटलं. दादाने त्याच्या पोटात लाथ घातली, मग दुसरी. बारक्याने तो पाय धरून पिरगाळला आणि दादा कपाटावर जाऊन पडला, कपाटाची काच फुटली. बारक्या उठला आणि कीबोर्डने दादाच्या पाठीवर मारत सुटला, मारता मारता कीबोर्डची बटणं दाणे उडावेत तशी उडत होती. "मला विचारलं नाहीस!" दादा ओरडत होता. "तू कधी ऐकतोस का?" बारक्या ओरडत होता. दादाने त्याला ढकलला, बाहेरच्या खोलीकडे आला, वाकला आणि दाराखालची वीट उपसून उजव्या हातात घेतली.

विटेबद्दल बाबांचा काही नियम नव्हता. पण दादाचा चेहरा मी पाहिला. ती वीट सुटली असती तर बारक्या मेला असता.

मी नेहमी दादालाच धरते, कारण दोघांत ताकद त्याची जास्त. त्या दिवशीही मागून त्याच्या कमरेला मिठी मारली आणि जीव खाऊन मागे ओढलं. वीट पडली, माझ्याच पायावर. दादाचं अंग दारातून बाहेर आलं. तोल सांभाळायला त्याने डाव्या हाताने चौकट धरली, बोटं आतल्या बाजूला. आणि आतून बारक्याने दाराला सगळा भार देऊन खांदा मारला. एकदा. दार पुरतं मिटलं नाही, थोडं मागे आलं. मग त्याने दुसऱ्यांदा मारला.

वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला, नंतर दादाचा. मी त्याला तसा ओरडताना कधी ऐकलं नव्हतं, थापीखालीसुद्धा नाही. टायरवाला धावत वर आला, त्याने दार उघडलं आणि गळ्यातलं फडकं काढून त्या हाताला गुंडाळलं. फडकं लगेच भिजलं. बारक्या आत भिंतीला टेकून उभा होता आणि म्हणत होता, "काय झालं? कुठे लागलं?"

दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांनी दोन बोटांत तारा घातल्या. अंगठ्याशेजारच्या बोटाचं वरचं पेर कापावं लागलं. बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं, "लिहितात उजव्या हाताने ना? मग थोडक्यात निभावलं म्हणायचं." मी मान हलवली.

तोवर आई आली. तिने आल्या आल्या चप्पल काढली आणि बारक्याला तिथल्या बाकड्यावरच झोडपायला लागली. तोंडावर, डोक्यावर, बघितलंच नाही कुठे. बारक्याने हात वर केला नाही. दोन कर्मचाऱ्यांनी तिला आवरलं तेव्हा धापा टाकत तिने मला विचारलं, "कुठला हात?"

"डावा."

"सुटलो गं बाई," आई म्हणाली आणि मटकन खाली बसली.

दादाला तेवढ्यात ढकलगाडीवरून बाहेर आणत होते. त्याने ते ऐकलं. तो हसायला लागला. इतका हसला की नर्सला वाटलं भुलीचं औषध डोक्यात गेलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तो हाताच्या पांढऱ्या गाठोड्याकडे बघत राहिला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की घरं काढणारा हातच गेला, आणि मी उभ्या जागी बारक्याच्या कानाखाली जाळ काढला. त्यातही माझा राग माझ्यावरच जास्त होता. दादाला धरलं होतं मी, बारक्याला नाही.

हात मोडल्यापासून दहाव्या दिवशी दादा खोलीवर आला. तारखेला नऊ दिवस उरले होते. पेन उजव्या हातात धरून बसला आणि एक घर काढलं. मी वाकून बघितलं. भिंती जाड, खिडक्या लहान, दार बरोब्बर मधोमध. वेल नाही, मांजर नाही. पण ओळंब्यात सरळ.

"हे बाबांनी बांधल्यासारखं दिसतंय," मी म्हणाले.

"या हाताला त्यांनीच शिकवलंय," दादा म्हणाला. "तो दुसरं काय काढणार?"

एकतीसच्या एकतीस तसलीच घरं निघाली. कंपनीला चालली. शेवटच्या बारा गावांमधले लोक जरा कडक स्वभावाचे वाटतात, एवढंच कंपनीतली बाई म्हणाली. दादाला ती घरं आजही आवडत नाहीत. स्क्रीनवर आली की तो उठून खिडकीपाशी जातो. डाव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत, आणि वाकणारही नाहीत.

पाठवायच्या आदल्या दिवशी मी शेवटची लेव्हल खेळून बघत होते. कोपऱ्यात बघते तर बाण नाही.

"अनडू कुठे गेलं रे?"

"काढलं," बारक्या म्हणाला. त्याच्या भुवईवर आईच्या चपलेची खूण अजून होती. "दादाचं बरोबर होतं. ठेवलं की ठेवलं." मग तो खिडकीपाशी उभ्या असलेल्या दादाच्या पाठीकडे बघून बोलायला लागला. "दादा, पहिला धक्का मारला तेव्हा मला काही दिसलं नव्हतं. शपथ. दुसऱ्या वेळी दिसलं. बोटं दिसली. क्षणभर थांबलो होतो मी. मग बघितलं, डावा आहे. डावा होता म्हणून मारलं, दादा. उजवा असता तर थांबलो असतो. मला वाटलं, मी नियम पाळतोय."

मी उठून दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले, सवयच ती. दादा वळला. मला बाजूला केलं आणि बारक्याच्या खुर्चीमागे येऊन थांबला.

"परत घाल ते बटण," दादा म्हणाला.

"नको, दादा."

"घाल म्हणतो ना. लहान पोरं खेळणार आहेत. त्यांना तरी मागे घेता येऊ दे."

बारक्याने बटण परत घातलं. दादाने उजव्या हाताने माऊस ओढून घेतला. आपलं जुनं घर उचललं, वेल चढलेलं, मांजर बसलेलं, आणि मुद्दाम भर रस्त्यात ठेवलं. गाव अडलं. मग त्याने वाकड्या बाणावर टिचकी मारली. घर गेलं, रस्ता पहिल्यासारखा मोकळा झाला.

"चालतंय," दादा म्हणाला.

बारक्याने भोकाड पसरलं. सहा फुटांचा बाप्या, टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागला. दादाने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. फार जोरात नाही.